कोनशिलेच्या आधीचं पान

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ यांस,

विषय: स्मरणिकेतला ‘आपला परिसर’ हा लेख आणि जुन्या इमारतीबद्दलचा ठराव

सप्रेम नमस्कार.

शाळेचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना दोन-चार ओळींत कळेल आणि बाकीच्यांचं नावावाचून काही अडणार नाही. सरकारी अनुदान न घेता फी आणि देणग्यांच्या जोरावर चालणारी कुठलीही प्राथमिक शाळा घ्या, तिच्या विश्वस्तांना हे पत्र थोड्याफार फरकाने लागू पडेल. म्हणून ते पाकिटात घालून ऑफिसात न देता असं उघड्यावर लिहिते आहे.

गेल्या महिन्यात अमृतमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर माझ्याकडे मुद्रितं तपासायला आला. निवृत्त शिक्षिकेच्या वाट्याला ऱ्हस्व-दीर्घच येणार, त्याबद्दल तक्रार नाही. ‘आपला परिसर’ या दीड पानाच्या लेखात वेलांटीची एकच चूक निघाली, पण त्या दीड पानापायी माझे तीन दिवस गेले. त्याच सुमारास तुमच्या सभेतला ठरावही कानावर आला: जुनी बैठी इमारत पाडायची आणि त्या जागी चार मजले चढवायचे. लेख आणि ठराव वेगवेगळ्या लोकांनी केले असतील, तरी दोन्हींत एकच गोष्ट राहून गेली आहे. या जागेकडे नीट बघायचं राहून गेलं आहे.

लेखाचं पहिलं वाक्य असं: ‘उजाड माळरानावर संस्थापकांनी ज्ञानाचं रोपटं लावलं.’

माळरान नव्हतं हो. वखार होती, धान्याची. दुसरीच्या वर्गात मधल्या तुळईला एक लोखंडी आकडा आहे, अंगठ्याएवढा जाड. मी त्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसले तेव्हा आम्हांला वाटायचं, इथे पंखा लावायचा राहून गेलाय. स्नेहसंमेलनाला आम्ही त्याला पताका बांधायचो. पुढे बावीस वर्षं तिथेच शिकवलं, तेव्हा एकदा शिडीवर चढून तो जवळून पाहिला. आकड्याची आतली बाजू एका अंगाला झिजून गुळगुळीत झाली आहे. तिथे पोती तोलायचा काटा टांगलेला असे, हे मला आपल्या जुन्या शिपाईमामांनी सांगितलं. त्यांना ते त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं, आणि वडील त्याच वखारीत हमाल होते.

आता खिडक्या पाहा. मोठ्या माणसाच्या डोक्याच्याही वर, रुंदीला जास्त आणि उंचीला कमी. धान्याला वारा हवा असतो, पावसाची झड नको असते आणि चोराचा हात आत यायला नको असतो, म्हणून वखारीच्या खिडक्या अशाच असतात. मुलांना मात्र बाहेर बघायचं असतं. पहिल्या वर्षाच्या लॉगबुकात तेव्हाच्या बाईंनी लिहून ठेवलंय: ‘मुलांस बाहेरचे काही दिसत नाही. पाऊस आला की सगळी बाकांवर चढतात.’ पुढे खिडकीखाली भिंतीच्या लांबीचा ओटा आला. तो कसा आला, ते त्या सालच्या कीर्दीत एका ओळीत आहे: ‘ओट्याचे काम, दोन मुलांचे फीपोटी वळते.’ एका गवंडी पालकाची फी थकली होती. त्याने ती विटांनी फेडली.

ओटा झाल्यावर मुलं त्यावर चढून पाऊस बघायला लागली. वाचन तिथे नंतर आलं, कारण वर्गात सगळ्यात चांगला उजेड त्या ओट्यावर पडतो. कुणी सांगितलं नव्हतं. मांजर जसं उन्हाचा तुकडा शोधून बसतं तशी मुलं पुस्तक घेऊन तिथे जाऊन बसली. स्मरणिकेत हाच ओटा ‘संस्थापकांनी दूरदृष्टीने बालवाचकांसाठी खास बांधून घेतलेला वाचन-ओटा’ म्हणून आला आहे. संस्थापकांबद्दल मला आदर आहे, त्यांच्या हातचा मार मी खाल्लेला आहे. पण ओटा त्यांच्या दूरदृष्टीतून आलेला नाही. वखारीच्या खिडक्या, मुलांची हौस आणि एका गवंड्याची अडचण या तिन्हींतून तो झाला. ही गोष्ट छापील गोष्टीपेक्षा कितीतरी चांगली आहे, म्हणून मला राग येतो.

आपल्यासारख्या शाळांचं हे असंच असतं. सरकार शाळा काढतं तेव्हा आधी जागा ठरते, नकाशा येतो, मग इमारत. स्वतंत्र शाळा काढणाऱ्याकडे आधी चार मुलं असतात आणि एक वेड असतं. जागा मग मिळेल ती. कुणाचा रिकामा वाडा, बंद पडलेला कारखाना, कुणाच्या घराची ओसरी. दुसऱ्याच कशासाठी तरी बांधलेल्या भिंतींत शाळा शिरते आणि मग त्या भिंती शाळेला वळण लावतात. जगातल्या ज्या शाळांची नावं आपण शिक्षक प्रशिक्षणात पाठ केली, त्यांच्या जागांचा इतिहास काढून पाहिला तर हेच दिसतं.

माँटेसोरीबाईंचंच घ्या. आपल्या बालवर्गाच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे आणि स्मरणिकेतही त्यांचं नाव चारदा आलं आहे. त्यांचं पहिलं बालघर ६ जानेवारी १९०७ ला रोममध्ये सान लोरेन्झो भागात सुरू झालं. तो भाग कसा होता? १८८० च्या दशकात रोममध्ये घरबांधणीचा सट्टा तेजीत होता. मोठमोठ्या चाळी उभारायला घेतल्या, मग बाजार कोसळला आणि इमारती अर्धवट राहिल्या. त्यांत गोरगरीब दाटीवाटीने राहू लागले. पुढे एका मालमत्ता कंपनीने त्या घेतल्या, दुरुस्त केल्या, कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईबाप दिवसभर कामावर जात. शाळेच्या वयाची न झालेली पोरं मागे राहत आणि नव्याने रंगवलेल्या भिंतींवर, जिन्यांवर आपली कला दाखवत. कंपनीचे संचालक एदोआर्दो तालामो यांनी हिशोब केला, की भिंती पुन्हापुन्हा रंगवण्यापेक्षा पोरांना एका खोलीत कुणाच्या तरी देखरेखीखाली ठेवलेलं परवडेल. त्या कामासाठी त्यांनी डॉ. मारिया माँटेसोरींना विचारलं.

म्हणजे जगभर पसरलेल्या त्या पद्धतीचा पहिला वर्ग भरला तो भिंतींचा रंग वाचवायला! फी नव्हती, पण मुलांना स्वच्छ करून वेळेवर पाठवण्याची अट आईबापांना होती. शाळा त्यांच्याच इमारतीत असल्यामुळे आई येता-जाता डोकावू शकायची. घर आणि शाळा एका छपराखाली, या कल्पनेवर माँटेसोरी पुढे किती बोलल्या, पण मुळात ती त्या चाळीची रचना होती. हे सांगितल्याने त्यांचं महत्त्व तसूभर कमी होत नाही. रंग वाचवायला गोळा केलेल्या पोरांकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ते कंपनीच्या हिशोबात कुठे होतं?

श्टुटगार्टमधली पहिली वॉल्डॉर्फ शाळा १९१९ च्या सप्टेंबरात सुरू झाली. सिगारेट कारखान्याचे मालक एमिल मोल्ट यांना कामगारांच्या मुलांसाठी शाळा हवी होती, त्यांनी ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांना बोलावलं. शाळेसाठी मोल्टनी टेकडीवरचं एक उपाहारगृह विकत घेतलं. अडीचशेवर मुलं तिथे शिकायला आली. ‘वॉल्डॉर्फ’ हे नाव सिगारेटच्या कारखान्याचं, हे मी एका प्रशिक्षणात सांगितलं तेव्हा दोन तरुण शिक्षिका माझ्याकडे चिडून बघत होत्या. नाझी राजवटीत १९३८ साली ती शाळा बंद झाली आणि युद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये, पुन्हा उघडली.

वर्गात बसायची सक्ती नसलेल्या, इंग्लंडमधल्या समरहिल शाळेचं नाव तर दुसऱ्याच गावातून आलेलं. ए. एस. नील यांची शाळा १९२१ साली जर्मनीत ड्रेस्डेनजवळ सुरू झाली, तिथून ऑस्ट्रियात गेली, तिथे गावकऱ्यांशी पटेना म्हणून इंग्लंडात लाइम रेजिसला आली. तिथल्या भाड्याच्या घराचं नाव होतं समरहिल. १९२७ मध्ये शाळा सफोकमधल्या लेस्टनला गेली तेव्हा सामानाबरोबर नावही घेऊन गेली. दुसऱ्या महायुद्धात लेस्टनच्या जागेत लष्कर राहिलं आणि मुलं वेल्समध्ये. इतक्या वेळा बिऱ्हाड बदललेली शाळा आपला इतिहास ‘माळरानावर रोपटं’ असा लिहील का? लिहिला तर कुठलं माळरान लिहील?

आता तुमच्या ठरावाकडे येते.

आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोक्योची तोमोए शाळा मराठी वाचकाला अनोळखी नाही. सोसाकु कोबायाशींनी ती १९३७ मध्ये सुरू केली, १९४५ च्या बाँबवर्षावात ती जळाली. डबे गेले. एका विद्यार्थिनीने पुढे कित्येक वर्षांनी ‘तोत्तोचान’ या पुस्तकात आठवणी लिहिल्या म्हणून आज आपण त्या शाळेबद्दल बोलतो. आगीत गेलं त्याला इलाज नव्हता. इथे तर इमारत उभी आहे आणि ती आपण ठराव करून घालवणार आहोत.

पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. तीही स्वतंत्रच. सरकारने काढलेली नव्हे, मिशनने काढलेली नव्हे. जागा तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यातली. पुढे ती शाळा बंद पडली आणि १८५१ च्या जुलैत त्याच पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा नव्याने भरू लागली. भिडे वाडा मात्र दुकानं, भाडेकरू आणि कोर्टकचेऱ्या यांत जीर्ण होत गेला. न्यायालयात निकाल लागल्यावर, डिसेंबर २०२३ मध्ये, मोडकळीला आलेली ती वास्तू स्मारकासाठी उतरवावी लागली. पावणेदोनशे वर्षांत त्या वाड्यात वर्ग कसा भरे, उजेड कुठून येई, मुली कुठल्या दाराने आत येत, याची नोंद कुणी भिंतीजवळ उभं राहून केली असती तर! माझ्या मनात हे सारखं येतं आणि म्हणूनच तुमच्या ठरावाची मला घाई वाटते.

इमारत पाडूच नका, असं मी म्हणत नाही. वर्ग कमी पडतात, एकेका वर्गात पन्नास मुलं कोंबलेली मी शिकवली आहेत. पण पाडण्याचं कारण म्हणून ठरावात ‘भिंतींना कायम ओल’ असं लिहिलं आहे, त्याबद्दल दोन शब्द. त्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुन्याची भिंत ओल शोषते आणि हवेत सोडूनही देते. मी नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी त्यांना बाहेरून-आतून सिमेंटचं प्लास्टर झालं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता भिंती पक्क्या झाल्या. सिमेंटने ओल आत कोंडली. तेव्हापासून पावसाळ्यानंतर प्लास्टर फुगतं, पांढरा क्षार फुटतो, आणि आपण दर वर्षी तोच रंग त्याच जागी लावतो. शिवाय मागची पन्हळ फुटलेली आहे, तिचं पाणी थेट पायात मुरतं. ही पन्हळ मी मुख्याध्यापकांना, मुख्याध्यापकांनी समितीला, असं करत कितीदा कळवली, त्याची पत्रं फाइलमध्ये आहेत. चुन्याचं काम जाणणाऱ्या एखाद्या अभियंत्याला एकदा बोलवा. त्याने पाडा म्हटलं तर पाडा.

पाडायचंच ठरलं तर सुट्टीत पाडा. मागच्या पडवीवरचे सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे आहेत. ते कोरडे फोडले की बारीक तंतू हवेत उडतात आणि छातीत गेले की वीस-तीस वर्षांनी आजार होऊन बाहेर येतात. पत्रे ओले करून, अख्खे उतरवायचे असतात, आणि हे काम ज्याला येतं त्यानेच करायचं असतं. दारांवरच्या जुन्या तेलरंगात शिसं असण्याचा संभव आहे, तो कोरडा घासू नये. लहान मुलांच्या शाळेत हे सांगावं लागू नये, पण गेल्या वेळी दारं घासली तेव्हा बालवर्ग शेजारच्याच खोलीत भरलेला होता.

आणि पाडण्याआधी मोजमापं घ्या. शेजारी पट्टी धरून फोटो घ्या, प्रत्येक भिंतीचा समोरून एक. तुळईचा आकडा, खिडक्या, ओटा, तिसरीच्या चौकटीवर पेन्सिलीने मारलेल्या मुलांच्या उंचीच्या खुणा, सगळं. चौकट तर अख्खीच काढून ठेवता येईल. आपल्या आया, शिपाई, घंटा देणारे मामा यांच्यापैकी जे आहेत त्यांच्याशी बोला आणि ते बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवा. स्मरणिकेसाठी मुलाखती झाल्या त्या सगळ्या माजी मुख्याध्यापकांच्या आणि एका आमदारांच्या. पण गोदरेजच्या कपाटामागे काय आहे ते झाडू मारणाऱ्या मावशींना माहीत असतं.

मागे काय आहे यावरून आता मूळ मुद्द्यावर येते. लेखात पुढे एक वाक्य आहे: ‘एका दानशूर व्यापाऱ्याने जागा दिली.’ दिली हे खरं, पण आधी सात वर्षं भाड्याने दिली आणि मग विकली. किंमत बाजारापेक्षा कमी घेतली, हेही खरं, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानावेतच. खरेदीखताची प्रत ऑफिसात आहे. त्यात एक कलम आहे, की मिळकत ‘मोकळी’ करून द्यायची. मोकळी कुणापासून?

याचं उत्तर जनरल रजिस्टर क्रमांक एकमध्ये आहे. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, पत्ता, सोडल्याची तारीख आणि कारण त्यात असतं, हे तुम्हांला सांगायला नको. दाखले देण्यापलीकडे ते कुणी उघडत नाही. मी एका उन्हाळ्यात सगळं वाचलं. पहिल्या सात वर्षांत नऊ मुलांच्या पत्त्याच्या रकान्यात एकच शब्द आहे: ‘वखारीमागे’. हमालांच्या झोपड्या होत्या तिथे, आज जिथे आपलं क्रीडांगण आहे. खरेदी झाली त्या वर्षी यातल्या सहा मुलांच्या नावापुढे, एकाच आठवड्यात, ‘शाळा सोडली. कारण: स्थलांतर’ असं लिहिलं आहे. त्यानंतर ‘वखारीमागे’ हा पत्ता रजिस्टरात पुन्हा कधी आला नाही. क्रीडांगणाचं उद्घाटन पुढच्याच वर्षी झालं. त्याचा फोटो स्मरणिकेत पूर्ण पानभर आहे.

कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला मी हे लिहीत नाही. संस्थापकांकडे पैसा नव्हता, मुलं वाढत होती, मैदान हवं होतं. त्यांना वाईट वाटलं असेलही. लॉगबुकात त्या आठवड्यात तीन ओळी खोडलेल्या आहेत, इतक्या गिरगटून की कागद फाटला आहे. त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही, पण ‘उजाड माळरान’ हा शब्द मी प्रूफात तसाच जाऊ देऊ शकत नाही. तिथे नऊ मुलांची घरं होती.

असे प्रश्न आपल्याच दारात आलेत असंही नाही. ब्रिटनमध्ये जमीनदारांची अवाढव्य घरं दोन महायुद्धांच्या काळात, वारसाकर भरता भरता आणि नोकरचाकर मिळेनासे झाल्यावर, मालकांना परवडेनाशी झाली. त्यांतली कित्येक खाजगी शाळांनी घेतली. मोठे जिने, तळी, हिरवळ. माहितीपुस्तिकेत छान दिसतं. पण त्यांतली काही घरं मुळात कुठल्या पैशावर उभी राहिली, हे आता विचारलं जातं. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामगिरीचा शेवट ठरला, तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई ठरली ती मालकांसाठी. गुलामांना छदामही मिळाला नाही. त्या भरपाईच्या नोंदी लंडनच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. घराच्या जुन्या मालकाचं नाव घालायचं आणि बघायचं. आपल्याकडे त्यासाठी संगणकसुद्धा लागत नाही. एक रजिस्टर पुरतं.

मला उलट्या दिशेचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्या बरोबर आल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं, कुणी गुरांमागे होतं. तेव्हा शाळाच उठून मुलांच्या अंगणात गेली आणि तिचं नाव पडलं अंगणवाडी. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली, कुरणशाळा. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. ताराबाई मुलांच्या दारात गेल्या आणि आमच्या दारातली सहा मुलं आम्हांला एका आठवड्यात दिसेनाशी झाली. दोन्ही गोष्टी साधारण एकाच काळातल्या. मी कोसबाडबद्दल दर वर्षी नव्या शिक्षिकांना सांगत आले आणि आमच्या क्रीडांगणाबद्दल एकदाही बोलले नाही. रजिस्टर वाचल्यावरसुद्धा अकरा वर्षं गप्प राहिले. तेव्हा या पत्रातला निम्मा राग माझ्यावरचा आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल.

तुम्ही म्हणाल, बाई, प्राथमिकच्या मुलांना हे कशाला? उत्सवाची स्मरणिका आहे, त्यात हे कशाला? मुलांबद्दल मी सांगते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी चौथीच्या वर्गाला मी एकच प्रश्न दिला होता: आपल्या वर्गाच्या खिडक्या इतक्या उंच का? तीन आठवडे त्यांनी डोकं चालवलं. एकाने सांगितलं, इथे तुरुंग होता. एकीने दोरीने उंची मोजली, मग घरच्या खिडकीची मोजली आणि फरक फळ्यावर लिहिला. एक मुलगा रोज आकड्याखाली उभा राहायचा. शेवटी तोच म्हणाला, ‘बाई, याला खूप जड काहीतरी टांगत असणार, नाहीतर लोखंड कसं झिजेल?’ इतिहास शिकवणं म्हणजे याहून वेगळं काय असतं, मला माहीत नाही. ही मुलं ‘वखारीमागे’ हा शब्दही समजून घेतील. आपल्यापेक्षा सरळ प्रश्न विचारतील, एवढीच अडचण आहे.

तेव्हा ‘आपला परिसर’ हा लेख मी परत पाठवते आहे. वेलांटी सुधारली आहे. पहिलं वाक्य कापलं आहे. ओट्याच्या परिच्छेदात गवंड्याची ओळ घातली आहे. त्याचं नाव कीर्दीत आहे, पण ते त्याच्या घरच्यांना विचारून मगच छापा. धाकटा मुलगा अजून पावसाळ्याआधी आपल्या छपराची कौलं शाकारायला येतो, त्याला तरी हे माहीत आहे की नाही कोण जाणे. क्रीडांगणाच्या फोटोखाली दोन ओळींची जागा सोडली आहे. नऊ मुलांची नावं, जाती, जन्मतारखा छापू नयेत, ते त्यांचं खाजगी आहे. संख्या आणि पत्ता पुरे. त्या दोन ओळी तुम्हीच लिहा. मी लिहिल्या तर त्या एका तक्रारखोर बाईच्या होतील.

लेख मागे ठेवून स्मरणिका तशीच छापायला गेली असेल, तर छापखान्याला फोन करायला अजून वेळ आहे. रंगीत पानं शेवटी छापतात.

राहता राहिलं रजिस्टर. ते ऑफिसमधल्या डावीकडच्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात आहे, हजेरीपटांच्या गठ्ठ्यामागे. कसर लागायला सुरुवात झाली आहे. पानं चिकटपट्टीने जोडू नका, तिचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो, आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. झेरॉक्सच्या काचेवर उलटं दाबलं की शिवण उसवेल. टेबलावर उघडं ठेवून वरून फोटो घ्यावेत. टाचण्या आहेत त्या गंजल्या आहेत, हळू काढा. बाहेर काढताना एका हाताने पुठ्ठा धरून ओढू नका, पुठ्ठा हातात येईल. खाली दुसरा हात घाला.

आपली,
माजी विद्यार्थिनी, माजी शिक्षिका
(दुसरी, तुकडी ब)